इजिप्तचं नेट केबल तुटून गेलं नव्हतं

२०११ ला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात इजिप्तचं नेट समुद्रातली केबल तुटल्यामुळे गेलं असं जे फिरतंय ना, ते साफ चुकीचं आहे. केबल तुटल्या होत्या २००८ च्या जानेवारीत, अलेक्झांड्रियाजवळ, तेव्हा आपल्याकडेही नेट रडतखडत चालत होतं. २०११ ला २८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर मुबारक सरकारच्या हुकुमावरून कंपन्यांनी पटापट नेट बंद केलं, मग मोबाईलपण, व्होडाफोनने तर तसा आदेश आल्याचं जाहीरच केलं. लँडलाईन चालू होत्या म्हणून लोक जुने मोडेम काढून परदेशातल्या नंबरांवर डायल करून कसंबसं नेट जोडत होते. त्याच दिवशी रस्त्यावर माणसं मरत होती हो! २ फेब्रुवारीला नेट परत आलं ते सरकारने सोडलं म्हणून, कुठली केबल जोडली म्हणून नाही.