‘फेअर मार्केट रेंट’ म्हणजे भाड्यावरची मर्यादा नव्हे

‘अमेरिकेत सरकारच प्रत्येक काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) भाडं ठरवतं, म्हणून ग्रामीण भागात घरमालकाला त्याहून जास्त घेता येत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

तिथलं गृहनिर्माण खातं दरवर्षी काउंटीनिहाय ‘फेअर मार्केट रेंट’ (शब्दशः ‘रास्त बाजारभाडं’) जाहीर करतं, एवढंच खरं. हा आकडा गरीब कुटुंबांच्या भाडे-साहाय्याचा हिशेब करण्यासाठी असतो. नुकत्याच भाड्याने गेलेल्या साधारण दर्जाच्या १०० घरांपैकी ४० घरं ज्या रकमेच्या आत मिळतात, ती ही रक्कम. तिच्यात वीज-पाणी धरलेलं असतं, इंटरनेट नाही. मालक याच्या दुप्पटही मागू शकतो. नाव फसवं आहे, हे मात्र मान्य.

शिवाय ग्रामीण म्हणजे स्वस्त, हेही सरसकट खरं नाही. वायोमिंग राज्यातली टीटन काउंटी बघा. तिथली सुमारे ९७ टक्के जमीन सरकारी, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि जंगलं. उरलेल्या चिमूटभर जागेवर धनिकांचे बंगले. त्यामुळे हॉटेलांत राबणारे, नर्स, शिक्षक यांतले कितीतरी जण शेजारच्या आयडाहो राज्यात राहतात आणि रोज टीटनचा घाट ओलांडतात. जून २०२४मध्ये तो रस्ताच खचला, तेव्हा त्यांना काही आठवडे तासन्‌तास वळसा घालून कामावर यावं लागलं.