‘देशी मशीन दोन पावसाळेही काढत नाही’ हे खरं नाही

पाऊस तोंडावर आला की नवी मुंबईतल्या रो-हाऊसवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. गवत कापायचं देशी मशीन दोन पावसाळेही काढत नाही, त्याचे पार्ट मिळत नाहीत, ‘मेड इन इंडिया’ हा नुसता शिक्का असतो, तेव्हा मोठ्या इंजिनाचं इम्पोर्टेडच घ्या, असं त्यात म्हटलेलं असतं. नेरूळला आमच्या घरामागे २० बाय ३० फुटांची हिरवळ आहे. गेली ९ वर्षं मी ती हाताने ढकलायच्या देशी मशीनने कापतेय. शेजारच्या दोन घरांनी हा मजकूर वाचून भरपूर पैसे घातले, म्हणून लिहायला बसले.

आधी टिकण्याचं बघू. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, यात कुठल्याही देशाचं लोखंड गंजतं. मशीन खरं खराब होतं ते कापणीनंतर आत चिकटून राहिलेल्या ओल्या गवताने. ते काथ्याच्या ब्रशने काढायचं, पुसायचं आणि पात्यांवर तेलाचा बोळा फिरवायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

पार्ट मिळत नाहीत, हे तर साफ उलटं आहे. तिसऱ्या वर्षी माझं मशीन कुरकुरायला लागलं. चाक उघडलं, बेअरिंगवरची माती पुसली, तर नंबर दिसला ६२०३. आतून १७ मिलिमीटर, बाहेरून ४०. पाण्याच्या पंपातही चालतं ते. दुकानात नुसता नंबर सांगितला आणि काम झालं. आता कुणी म्हणेल, असं बेअरिंग इम्पोर्टेडचंही मिळेल. मिळेल, पण घोडं अडतं ते पात्यापाशी. शेजाऱ्यांच्या परदेशी मशीनचं पातं दगडावर आपटून वाकलं आणि त्या मापाचं पातं येईपर्यंत सगळा श्रावण मशीन कोपऱ्यात पडून होतं. माझ्या मशीनचं खालचं सरळ पातं ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये घासून मिळालं. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली जिथे झाली, तीच ही वसाहत. असल्या कामाचे हात तिथे आहेत. किरकोळ धार तर घरीच लागते: गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट पात्यांना लावायची आणि रीळ, म्हणजे फिरत्या पात्यांचा गोल, उलटं फिरवायचं.

दुसऱ्या शेजाऱ्यांनी मशीन अमेरिकेहून आणवलं. ते १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. आता हिरवळीवर मशीनमागोमाग जड ट्रान्सफॉर्मर फिरवावा लागतो.

‘नुसता शिक्का’ या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. इथे जोडलेल्या मशीनची मोटर किंवा इंजिन बाहेरचं असू शकतं. म्हणून खोक्यावरचा बारीक मजकूर वाचा. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात मालावर मूळ देश छापावाच लागतो. नुसतं ‘मार्केटेड बाय’ दिसलं तर मशीन बनवलं कुणी, हे दुकानदाराला विचारा.

राहिलं मोठं इंजिन. ६०० चौरस फूट म्हणजे जेमतेम ५६ चौरस मीटर. एवढ्याला १४ इंची हातमशीन पुरतं. रीळवाल्या मशीनमध्ये फिरती पाती खालच्या पात्यावर कात्रीसारखी येतात. इंजिनाचं आडवं पातं गवताला वेगाने फटका मारून तोडतं, आणि त्याची धार गेलेली असेल तर शेंडे फाटून दुसऱ्या दिवशी तपकिरी दिसतात. हरियाली म्हणून नर्सरीत मिळते ती आपली दूर्वाच, आणि तिला कात्रीचा काप मानवतो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त मात्र कापायचं नाही.

हातमशीनची एक मर्यादा आहे. जुलैत तीन आठवडे गावाला गेलात तर वाढलेलं गवत त्याच्याखाली नुसतं आडवं होतं. आधी विळा चालवावा लागतो. सोसायटीचं मोठं लॉन असेल तर आडव्या पात्याचंच घ्या. ते विजेचं असेल तर ओल्या गवतात चालवू नका, आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

हातमशीन घ्यायला जाताना वर्तमानपत्राची एक पट्टी बरोबर न्या. पात्यांमध्ये धरून रीळ हळूच फिरवा, डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला. कागद चुरगळला तर पातं तिथल्या तिथे सेट करून घ्या, मगच पैसे द्या.