लोकलवर प्रेम करा, पण पुलावरून

रेल्वे ही पर्यावरणाला सगळ्यात परवडणारी वाहतूक आहे, हे तुम्हाला पटलंय ना? मग झालं. पटवून घ्यायचं काम तुम्ही केलंत, बसायचं इतरांवर सोडा. (बसायचं म्हणजे उभं राहायचं. सकाळी आठ-सव्वाआठला ठाण्यात खिडकी मिळाली असं कोणी सांगितलं, तर तो कळव्याच्या कारशेडमधून रिकाम्या गाडीत बसून आलाय हे ओळखा.)

सुरुवात अभिमानाने करा. तुम्ही ठाणेकर आहात, भले मागच्या वर्षीच कासारवडवलीला टू बीएचके घेऊन झाला असाल. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावत आपल्याच गावात आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे. दरवर्षी 16 एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर ही माहिती न चुकता टाका, खाली तिरंगा लावा. तेव्हा 14 डब्यांत मावलेले पाहुणे आज गर्दीच्या वेळी जवळपास एका डब्यात मावतात, हेही लिहा. दरडोई प्रदूषण किती खाली आलं बघा! ह्याला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात: चौरस मीटरला 14 ते 16 माणसं. तुमच्या हॉलमधल्या दोन बाय दोनच्या जेमतेम पावणेतीन फरशा. त्यांवर 14 जण उभे करून पाहायचे असतील तर पाहा, पण त्याआधी सोफा सरकवा.

आता वादाची तयारी. इमारतीत एखादा खवचट काका असतोच. तो म्हणेल, पोलादी रुळावर पोलादी चाक फिरतं, घर्षण कमी, म्हणून टायरवाल्या गाडीपेक्षा रेल्वेला माणसामागे कितीतरी कमी ऊर्जा लागते. मान डोलवा आणि लगेच विचारा, ‘पण काका, लोकलची वीज कोळशाचीच ना?’ काका क्षणभर गप्प होतील. तेवढ्यात विषय बदला, कारण तुम्ही नुकतीच घेतलेली इलेक्ट्रिक एसयूव्हीसुद्धा पार्किंगमधल्या त्याच विजेवर चार्ज होते. लोकलची वीज कोळशाची, आपल्या गाडीची मात्र हिरव्या नंबरप्लेटची.

काका ब्रेकवर आले तरी घाबरू नका. ब्रेक लावताना आताच्या लोकलच्या मोटारी उलट वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत जाते, मागून येणारी गाडी ती वापरते, वगैरे ते सांगतील. सांगा की ही सोय आपल्या गाडीतही आहे. घोडबंदर रोडवर आपण ब्रेकशिवाय दुसरं काही दाबतच नाही. त्या हिशेबाने मानपाड्याला पोचेपर्यंत बॅटरी भरून वर थोडी उरायला हवी.

नवी मुंबईत नोकरी असेल तर तुमचं कौतुक जरा जास्त करायला हवं. तिथे रेल्वेमार्ग टाकताना खर्चाचे साधारण दोन वाटे हे शहर वसवणाऱ्या सिडकोने उचलले, एक रेल्वेने. शहर नियोजनाची अशी संधी देशात फार थोड्यांना मिळाली असेल. वाशी आणि बेलापूरला तर स्टेशनच्या डोक्यावरच कार्यालयं बांधली. म्हणजे लोकलमधून उतरायचं आणि लिफ्टने कामावर जायचं. अशा कार्यालयात गाडीनेच जा. फलाटाच्या वर बसून खाली पार्किंग शोधण्यात जो रुबाब आहे, तो पासवाल्याला काय कळणार?

ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स हार्बर लोकल लाइन 2004 साली सुरू झाली. तीवर दिघा गावचं स्टेशन बांधून तयार होतं, पण उद्घाटनाची वाट पाहत काही महिने तसंच उभं राहिलं. 12 जानेवारी 2024 रोजी एकदाचा मुहूर्त लागला. त्याच दिवशी मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचंही लोकार्पण झालं. ह्या सेतूवर रूळ नाहीत, जायला चार चाकं लागतात, दुचाकीला मज्जाव. साहजिकच लोकांनी गाड्या थांबवून सेतूवर सेल्फी काढले. दिघ्याच्या फलाटावर सेल्फीसाठी गर्दी झाल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही.

कधी नाइलाज होतो. गाडी सर्व्हिसिंगला, कॅबवाला ‘कॅश की ऑनलाइन’ विचारून गायब. अशा वेळी ठाण्याच्या दहा नंबरवर उभं राहायचं. बॅग पाठीवरून छातीवर घ्या. गाडी आत येताना थांबायची वाट पाहू नका, तुमच्या मागचे पाहणार नाहीत. आत शिरल्यावर ‘ऐरोली उतरणार?’ असा प्रश्न तीन बाजूंनी येईल. त्यातला एक हात खांद्यावरही पडेल. उतरणार नसाल तर दारातून आत सरका, नाहीतर ऐरोलीला तुम्हाला उतरवलं जाईल आणि फलाटावर पाय टेकल्यावर कळेल की तुमचं ऑफिस घणसोलीला आहे. घणसोलीची माणसं बिचारी रबाळेपासूनच दाराकडे सरकू लागतात. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर कोणी तिरकं बसू दिलं तर आभार माना आणि एक मांडी हवेत ठेवायची सवय करा. दसऱ्याला याच डब्यात झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटतात. रोज ज्याच्याशी कोपराने भांडण, त्यालाच पेढा. ही संस्कृती जपली पाहिजे, असं घरी आल्यावर लिहा.

एका गोष्टीवर मात्र थट्टा सुचत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर फुटबोर्डवर लटकलेली माणसं गाडीतून पडली आणि त्यांतले काही घरी गेलेच नाहीत. ती कुठली हौस म्हणून लटकली नव्हती, आत जागा नव्हती. स्वच्छ वाहतुकीच्या तक्त्यात कार्बनचा रकाना असतो. ह्याचा नसतो.

असो. आपल्यासारख्या जागरूक नागरिकांनी करण्यासारखं काही आहेच. फेऱ्या वाढवा, 15 डब्यांच्या गाड्या सोडा, फलाट लांब करा, स्टेशनबाहेर बस वेळेवर आणा, अशा मागण्यांचे ऑनलाइन अर्ज फिरत असतात. त्यांवर सही जरूर करा. वेळ नाही असं म्हणू नका. कापूरबावडीच्या सिग्नलला नाव, पिनकोड, ओटीपी, सगळं आरामात भरून होतं.