कुलूप आहे खरं, पण कुणाच्या मालाला?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुन्या वस्तू आणि जुने फॉरवर्ड एकदमच बाहेर पडतात. यंदाचा हा आधी मामेभावाकडून आला, मग शाळेच्या ग्रुपवरून आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून. मजकूर असा: 'जुन्या गेम कन्सोलची हार्ड डिस्क कंपनीच्या खास बनावटीची असते. तिला कुलूप असतं, कन्सोलबाहेर ती कुणालाच वाचता येत नाही. तेव्हा विकताना काही पुसायची गरज नाही. मात्र डिस्क गेली की कन्सोल भंगारात.' खाली हात जोडलेले.

मी बरीच वर्षं हौसेनं ही यंत्रं उघडत बसतो, त्यामुळे गप्प बसवेना.

'खास बनावटीची' इथपासूनच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 ची डिस्क वरच्या बाजूला कुबडासारखी बसते. तिचे चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू काढले (एक मुद्दाम स्टिकरखाली लपवलेला असतो) की आत लॅपटॉपला लागते तीच अडीच इंची साटा (नेहमीच्या जोडणीची) डिस्क निघते. माझ्याकडच्या दोन्ही हिताचीच्या निघाल्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळते तीच जात, फक्त अंगावर कंपनीचा प्लास्टिकचा झगा.

मग दुसरी डिस्क बसवली तर कन्सोल घेत का नाही? कारण डिस्कच्या सोळा नंबरच्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) एक ओळखपत्र लिहिलेलं असतं. त्यात डिस्कचा सिरियल नंबर, मॉडेल, एकूण सेक्टर किती हे असतं, आणि खाली मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही, म्हणजे दुसऱ्या कुणाला नक्कल करता येणार नाही अशी आकड्यांची मोहर. पाठोपाठ कंपनीचा लोगो, चक्क चित्राच्या फाइलच्या रूपात! पहिल्यांदा हेक्स एडिटरमध्ये (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्या आकड्यांच्या गर्दीत 'पीएनजी' ही अक्षरं दिसली तेव्हा मी हसलोच. कन्सोल डिस्कला नाव-गाव विचारतो, कागदाशी ताडून बघतो, सही तपासतो. जुळलं तर आत, नाही तर बाहेर. हौशी लोकांनी पुढे वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कना स्वतःचं नाव-गावच बदलायला लावलं, आणि दारावरचा पहारेकरी फसला. पण मुद्दा असा की हा पहारा डिस्क कन्सोलमध्ये येऊ द्यायची की नाही, एवढ्यापुरता आहे. आतला मजकूर कुणी वाचू नये म्हणून तो नाहीच.

आता 'कुलूप'. फॉरवर्डमधलं हे कुलूप खरोखर होतं, पण 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये. त्याची 8 किंवा 10 जीबीची डिस्क एटीए पासवर्डनं, म्हणजे डिस्क स्वतःच मागते त्या पासवर्डनं, बंद असे. पासवर्ड कुठून यायचा? मदरबोर्डवर 256 बाइटची एक चिमुकली चिप असते. तिच्यातली चावी आणि डिस्कचं मॉडेल-सिरियल एकत्र करून कन्सोल तो दर वेळी नव्यानं तयार करतो. म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांची जोडी ठरलेली. ही कल्पना चांगली आहे, मला आजही आवडते.

पण पासवर्ड लावला म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट झाला, सांकेतिक लिपीत गेला, असं नाही. वाड्याच्या दिंडीला कुलूप आहे, आत सामान मात्र उघडंच पडलेलं. शिवाय कन्सोलनं एकदा कुलूप काढलं की वीज जाईपर्यंत डिस्क उघडीच राहते. या एवढ्या फटीतून जगभरच्या पोरांनी हात घातला: कन्सोल चालू करायचा, डिस्कची वीज तशीच ठेवायची आणि फक्त डेटाची पट्टी उपसून कॉम्प्युटरला जोडायची. मी हे एकदा केलंय, हात थरथरत होते. घाम यायचं कारण कुलूप नव्हतं, शॉर्ट सर्किट होईल की काय ही भीती होती.

'कुणालाच वाचता येत नाही' हा समज कुठून आला असेल, याबद्दल माझा एक अंदाज आहे. 360 ची डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली तर ड्राइव्ह दिसत नाही, उलट 'डिस्क इनिशियलाइज करायची का' असं विचारलं जातं. माणूस म्हणतो, बघा, बंद आहे. बंद नाही हो, विंडोजला ती लिपी येत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळातला मोडी कागद तुम्हाआम्हाला वाचता येत नाही, म्हणून तो कुलूपबंद होता असं आपण म्हणतो का? इथली मोडी म्हणजे फॅटएक्स नावाची फाइल सिस्टिम, डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. पहिल्या एक्सबॉक्सच्या पार्टिशनच्या (डिस्कच्या एकेका भागाच्या) सुरुवातीला 'एफ-ए-टी-एक्स' ही अक्षरं असतात. 360 चा प्रोसेसर बाइट उलट्या क्रमानं मांडतो, म्हणून तिथे तीच अक्षरं 'एक्स-टी-ए-एफ' अशी दिसतात. बास, एवढंच गुपित. ही लिपी वाचणारे फुकट प्रोग्रॅम कधीचे आहेत.

जुन्या बाजारात एका रविवारी चार्जर आणि रिमोटच्या ढिगातून मी अशी एक 20 जीबीची डिस्क घेतली होती. कन्सोलमध्ये ती रिकामी दिसली, आधीच्या मालकानं फॉरमॅट मारलेला. पण तो फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नवी करतो, पानं तशीच राहतात. शोधल्यावर जुने सेव्ह गेम सापडले, प्रत्येकाबरोबर खेळाचं नाव आणि छोटं चित्र. एका प्रोफाइलचं नावही होतं. 360 च्या सेव्ह फाइलवर सही असते, त्यामुळे त्यात बदल केला तर कन्सोल ओळखतो. पण नुसतं वाचायला सही आड येत नाही. मी सगळं पुसून टाकलं, पण मी नसतो तर?

उगाच घाबरवायचंही नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या 360 मधून क्रेडिट कार्डाची माहिती काढल्याचा दावा केला होता. हा कन्सोल कार्डाची माहिती डिस्कवर ठेवत नाही, असं मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं. मला कार्ड नंबर कधी दिसलेला नाही.

फॉरवर्ड खरा ठरतो तो सोनीच्या प्लेस्टेशन 3 (पीएस3) च्या बाबतीत, तोही अर्धाच. तिथे डिस्कवरचा मजकूर खरोखर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि चावी त्या एकाच कन्सोलची. पण डिस्क मात्र कुठलीही अडीच इंची साटा चालते, बदलायची कशी हे सोनीनं माहितीपुस्तकातच दिलं होतं. म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं: खास काही नाही, पण वाचता येत नाही.

आणि म्हणूनच 'डिस्क गेली की भंगार' हेही उलटं आहे. पीएस3 ची डिस्क गेली तर नवी टाका, पेन ड्राइव्हवरून सिस्टिम चढवा, झालं. कन्सोल मेला तर मात्र धडधाकट डिस्कवरचे सेव्ह गेम बॅकअपशिवाय गेलेच समजा. माझ्या मित्राचे असेच गेले. दुरुस्तीवाल्यानं 'डिस्क सेफ आहे' म्हणत डिस्क हातात ठेवली आणि बोर्ड फेकून दिला. 360 तर डिस्कशिवायही चालू होतो. त्याचं स्वस्त मॉडेल डिस्कविनाच विकायचे. भंगाराची भीती खरी आहे ती पहिल्या एक्सबॉक्सला, तीही चिपमधल्या चावीची प्रत आधी काढून ठेवली नसेल तर.

राहिला प्रश्न, 360 च्या दारावरचा हा पहारा कुणासाठी. 2009 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं एका अपडेटनं इतर कंपन्यांची मेमरी युनिट (सेव्ह गेम ठेवायची छोटी कार्डं) 360 मध्ये बंद केली. एप्रिल 2010 मध्ये त्याच कन्सोलला साधे पेन ड्राइव्ह चालू लागले, पण 16 जीबीपर्यंतच. यात तुमच्या-माझ्या खासगीपणाचा संबंध कुठे आला?

तेव्हा काका, विकण्याआधी पुसा. पीएस3 ला सेटिंगमध्ये क्विक आणि फुल असे दोन फॉरमॅट मिळतात, फुल निवडून रात्रभर सोडून द्या. 360 ची डिस्क कॉम्प्युटरला लावून शून्यांनी भरायची तर आधी सोळा नंबरच्या सेक्टरपासूनचं ते ओळखपत्र बाजूला कॉपी करा आणि शेवटी जागच्या जागी परत ठेवा. नाही तर मजकुराबरोबर तेही जाईल, आणि घेणारा दुसऱ्या दिवशी 'कन्सोलला डिस्क दिसत नाही' म्हणून तुमची बेल वाजवेल.