२५० कोटींची गादी

आमच्या मंडळाच्या खात्यात त्या दिवशी १८,६४० रुपये होते. आकडा पक्का लक्षात आहे, कारण त्याच दिवशी सीए साहेबांनी सांगितलं, की तुम्हाला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

"हप्ते पाडून देतेत का?" अण्णांनी विचारलं.

अण्णा आमचे अध्यक्ष. मी सचिव. मंडळ परभणीतल्या एका गल्लीचं, देवळामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत. खोलीत दोन लोखंडी कपाटं आहेत. एक उघडत नाही, दुसरं लागत नाही. कामंही दोनच. जून आला की पोरांना दप्तरं-वह्या, आणि बाराही महिने रुग्णोपयोगी साहित्य : वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, बेडपॅन, पाण्याची गादी. पाचशे रुपये अनामत ठेवा, वस्तू न्या, काम झालं की आणून द्या. माणूस बरा झाला तर अनामत परत घेतो. नाही झाला तर घरचे बहुतेक वेळा "राहू द्या मंडळाला" म्हणतात. मंडळ मुख्यतः त्यावरच चालतं, पण हे वार्षिक अहवालात लिहिता येत नाही.

खोलीबाहेर एक काळा फळा आहे. लोकांचा हेलपाटा वाचावा म्हणून अण्णांनीच लावलेला. वस्तू, कुणाकडे आहे, कधीपासून. सकाळी दुधाला जाणारी सगळी गल्ली तो वाचूनच पुढं जाते. पेपर घ्यायची गरज उरलेली नाही. मागे पोस्टातल्या एका काकांनी तिरुपतीला जातो म्हणून रजा टाकली आणि गुपचूप मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतलं. प्रसाद मागायला त्यांच्या ऑफिसातला माणूस गल्लीत आला तेव्हा फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : कमोड खुर्ची – पोस्टातले काका – १२ तारखेपासून. अण्णांचं अक्षर फार सुंदर आहे, हीच खरी अडचण.

तर सीए साहेब. ते आमचं ऑडिट फुकट करतात, त्यामुळं त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. ते म्हणाले, २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत. लोकांची नावं, मोबाइल नंबर, आधार जे काही तुम्ही गोळा करता, ते कशासाठी हे त्यांना सांगून, त्यांची संमती घेऊन करायचं. काम झालं की पुसून टाकायचं. नीट सांभाळलं नाही आणि फुटलं, तर दंड.

"आपण तर धर्मादाय," नाना म्हणाले. नाना कोषाध्यक्ष.

"कायदा धर्मादाय, अधर्मादाय बघत नाही."

मग त्यांनी मूळ सांगितलं : २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचा अण्णांवर परिणाम झाला, पण भलताच. आमच्याही कार्यकारिणीत नऊच जण आहेत आणि बैठकीला चहा सांगायचा की ताक यावर आजवर एकमत झालेलं नाही. "नऊच्या नऊ?" ते दोनदा म्हणाले. नंतर त्यांना कळलं, की बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिलीय. मग ते टेकून बसले. "आसं सांगा की. मी म्हणलं, आजच धाड पडायली का काय."

पण माझी झोप उडाली होती. कारण मी सचिव, सह्या माझ्या.

दुसऱ्या दिवशी न लागणारं कपाट उपसलं. मे महिना, बाहेर ४३ अंश, आत पंखा नुसता आवाजापुरता. अकरा वर्षांच्या आधारच्या झेरॉक्स निघाल्या. बेडपॅन नेणाऱ्याचं आधार आम्ही का घेत होतो, हे कुणालाच सांगता येईना. नाना म्हणाले, पद्धत आहे. कुणी कधी त्या वाचल्या का? तर हो, अण्णांनी. वाचल्या म्हणजे उलट्या बाजूनं. अण्णांना पाठकोरा कागद वाया गेलेला सहन होत नाही. त्यामुळं बैठकीच्या सूचना ते झेरॉक्सच्या मागच्या बाजूवर लिहून घरोघर पाठवत आलेत. मी माझ्या घरची एक सूचना शोधून काढली. पुढच्या बाजूला "सर्व सभासदांस कळविण्यात येते की", आणि मागं गल्लीतल्या शिंपीमावशींचा फोटो, जन्मतारीख आणि पूर्ण नंबर. मावशी गेली वीस वर्षं आपलं वय पंचेचाळीस सांगतात. त्यांचा खरा आकडा नऊ घरांत पोचलेला होता.

मग ठरलं, यापुढं आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्यायची, शेवटचे चार दिसले तरी पुरे. तशी झाकलेली प्रत सरकारच्या साइटवरून काढताही येते. अण्णांनी ती हातात धरून बराच वेळ निरखली. "नाव दिसायलंय, फोटो दिसायलाय, बापाचं नाव, घर, गल्ली, सगळं दिसायलंय. झाकलंय काय, तर नंबर. जो त्या माणसालाच पाठ नाही." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

दिलासा एकच मिळाला. हा कायदा डिजिटल माहितीचा. वहीतली माहिती वहीतच राहिली तर तो तिच्या वाटेला जात नाही. तीच कंप्युटरवर चढवली की लागू. सीए साहेबांनी हे सांगताच सगळ्यांनी माझ्या भाच्याकडं पाहिलं.

भाचा पुण्यात वाढलेला, सुटीत आलेला. कोणी न सांगता त्यानं आमच्या सहा वर्षांच्या वह्या एक्सेलमध्ये भरून ठेवल्या होत्या. मन लावून भरल्या होत्या, तक्रार नाही. यादी तपासताना तो काळजीच्या सुरात म्हणाला, "मामा, एक गोष्ट खटकते. या एका बाईंना प्रत्येक बैठकीला काहीतरी दिलेलं आहे. पत्ता नाही, आधार नाही, आजार नाही. सही नानांची."

"कोण बाई?"

"सुशीला. वय चाळीस. मग एका वर्षी वय पस्तीस. मागच्या गणपतीत एकदम साठ."

नाना खुर्चीतून अर्धे उठले. त्याच वेळी नानांची बायको घरून ताक घेऊन आली होती आणि दारातच थांबली होती. आम्हाला हसू आवरेना, आणि त्या पुण्याच्या पोराला कळेना, की आमच्याकडं भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी दिली की त्याला सुशीला म्हणतात. चाळीस प्लेटा. गणपतीत साठ. त्यानं सुशीलेला रीतसर लाभार्थी क्रमांक दिला होता आणि मोबाइल नंबराच्या रकान्यात "प्रलंबित" लिहिलं होतं.

सगळ्यांत सुरक्षित निघाल्या त्या मंडळाच्या पहिल्या दोन वह्या. त्या न उघडणाऱ्या कपाटात होत्या. लोहाराला बोलावून उघडलं. लिहिणारे अप्पा निजामाच्या राज्यात शिकलेले, शाळा उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, अप्पांनी त्या दिवशी पेढे वाटले म्हणतात, पण हिशेब मात्र ते मरेपर्यंत उर्दूतच लिहीत राहिले. कुणाला किती दिले, कोण परत फेडू शकला नाही, सगळं त्यात असणार. कार्यकारिणीत कुणालाच वाचता येत नाही. सीए साहेब पानं उलटत म्हणाले, "याला म्हणतात एन्क्रिप्शन." जुन्या नोंदींपायी अलीकडं मराठवाड्यात उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना बरा भाव आलाय, त्यामुळं नानांनी त्या वह्या पुन्हा कुलपात टाकल्या. त्या कपाटाला आता किल्ली आहे, ही माझ्या कारकिर्दीतली एकमेव भौतिक प्रगती.

दात्यांचं प्रकरण थोडक्यात आटपतो, कारण त्यात सगळेच ओळखीचे आहेत. करसवलतीची पावती हवी तर दात्याचा पॅन आणि पत्ता लागतो. लोकांना नाव बोर्डावर हवं असतं, फोटो स्टेजवर हवा असतो, पण पॅन मागितला की ते म्हणतात, हे खासगी असतं ना. आणि गुप्तदानाबद्दल काय सांगू? मागच्या कोजागिरीला अण्णांनी माइकवरून जाहीर केलं : "ज्यांनी आपलं नाव सांगू नका म्हणून बजावलं, त्या आपल्या किराणा दुकानदार शेठजींचे मंडळ मनापासून आभार मानते."

दप्तरांचे फोटोही थांबवावे लागले. अठराच्या आतल्या पोरांची माहिती वापरायची तर आईबापाची पक्की संमती लागते. दात्याला मात्र फोटो पाहिजेच असतो. जुने फोटो काढून बघितले, तर एका रांगेत बारा पोरं, आणि सातवीतला एक पोरगा दप्तर असं छातीशी न धरता तोंडासमोर धरून उभा. दरवर्षीच्या फोटोत तो तसाच. आम्ही दरवर्षी त्याला "बाजूला घे रे, चेहरा दिसू दे" म्हणत होतो. फोटो ग्रुपवर जायचे; ग्रुपमध्ये २१४ जण, त्यात त्याचा अख्खा वर्ग.

संमतीचा फॉर्म मी स्वतः केला. इंटरनेटवरून नमुना घेतला, त्यात "डेटा प्रिन्सिपल", "डेटा फिड्युशरी" असलं काय काय होतं. ज्याची माहिती तो प्रिन्सिपल, ती सांभाळणारा फिड्युशरी. अण्णा म्हणाले, प्रिन्सिपल कॉलेजात असतेत, इथं कामून? कायदा म्हणतो, सूचना साध्या भाषेत हवी, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी माणसाला हवी त्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी त्यात आहे. मी जी लिहिली ती भाषा बावीसपैकी कुठलीच नव्हती. चार पानं झाली. पहिलेच आले ते खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बायकोसाठी वॉकर मागणारे एक आजोबा, जिंतूरकडचे. पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, दुसरं वाचलं.

"सायेब, वॉकर द्यायलात का जमीन लिहून घ्यायलात?"

"आजोबा, ही संमती आहे. तुम्ही ती कधीही परत घेऊ शकता. जितक्या सहज दिली तितक्याच सहज."

"आन् वॉकर?"

"वॉकर राहू द्या."

"मंग आत्ताच परत घेतो," म्हणाले, आणि फॉर्म घडी करून खिशात घातला. वॉकर घेऊन गेले. कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं काय चुकलं, हे मी अजून शोधतोय. फॉर्म आता सहा ओळींचा आहे.

फळा मात्र निघत नव्हता. अण्णांचा जीव त्याच्यात. "लोकांना कळलं पाहिजे, वस्तू कुठंय. ते झाकून काय करायचंय? आपल्याकडं कोण परकं आहे?"

त्याच आठवड्यात, खोली बंद करताना, एक बाई आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, पिशवीत पाचशेची नोट चार घड्या घालून. नवऱ्याला तीन महिन्यांपासून अंथरुण, पाठीला जखमा व्हायला लागल्यात, डॉक्टरांनी पाण्याची गादी सांगितलीय. मी वही उघडली. तिनं वहीवर हात ठेवला. अगदी हलकेच, चार बोटं.

"फळ्यावर नाव लिवतेत का हो?"

मी अण्णांकडं बघितलं.

"पोरीला बघायला यायलेत रविवारी, सेलूचे. बाप कामावर गेलाय म्हणून सांगणार हाव. पाटीवर दिसलं तर..."

पुढं ती बोलली नाही. अण्णा खडू हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता ते "आपल्याकडं कोण परकं आहे" सुरू करतील. त्यांनी फळ्यावर लिहिलं :

पाण्याची गादी – दुरुस्तीला.

गादी त्यांनी स्वतः रात्री साडेदहाला सायकलच्या कॅरिअरला बांधून पोचवली. अनामत घेतली नाही. घेतली असती तर नानांना नाव सांगावं लागलं असतं.

आता दुरुस्तीला गेलेली वस्तू आठ दिवसांत येते. महिना झाला. दोन महिने झाले. लोक विचारू लागले. बैठकीत नानांनी विषय काढला, "गादी कुठं दिलीय दुरुस्तीला?"

"नांदेडला," अण्णा म्हणाले.

"परभणीत कोणी नाही?"

"नांदेडचा माणूस चांगला आहे."

"नाव काय त्याचं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी इतिवृत्त लिहीत होतो, मान वर केली नाही. नानांनी हिशेबात "गादी – नांदेड" अशी नोंद केली. शेठजींनी दुरुस्तीच्या खर्चासाठी गुप्तपणे एक हजार दिले, अण्णांनी ते जाहीर केलं नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं गुप्तदान. सीए साहेबांनी दुरुस्तीची पावती मागितली आहे. त्यांना सांगितलंय, माणूस पावती देत नाही, पण काम चोख.

परवा दुपारी वसमत रोडवरच्या एका मंडळाचे सचिव मला शोधत आले. त्यांच्याकडंही पाण्याची गादी आहे, शिवणीतून गळायला लागलीय, आणि गावभर कळलंय की नांदेडला एक फार चांगला माणूस आहे.

"त्याचा नंबर द्या ना जरा."

अण्णा फळा पुसत होते. मागं न वळता म्हणाले, "आसा कुणाचा बी नंबर देता येत नसतो आता. कायदा आलाय."