फळी सरळ करणं हे थिकनेसरचं काम नाही

घरी सुतारकाम करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतोय: "सरफेस प्लेनरवर पैसे घालू नका. थिकनेसर घ्या, फळी दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा काढा, आपोआप सरळ होते." (सरफेस प्लेनर म्हणजे फळीचं एक तोंड, म्हणजे रुंद बाजू, सपाट करणारं मशीन; थिकनेसर म्हणजे तिची जाडी एकसारखी करणारं.) यापायी सागवानासारखं महाग लाकूड फुकट जातं, म्हणून उत्तर देतोय.

"आपोआप सरळ होते." होत नाही. थिकनेसरची पाती वर असतात आणि रोलर फळीला टेबलावर दाबत पुढे ओढतात. बाक आलेली पातळ फळी त्या दाबाखाली सपाट होते, तशीच रंधली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा वाकते. जाड फळी दबत नाही, पण तिच्या खालच्या तोंडाचा वाकडेपणा वरच्या तोंडावर उतरतो. हातात येते ती एकसारख्या जाडीची वाकडी फळी. सरफेस प्लेनरमध्ये पाती खालून, दोन टेबलांच्या मधे येतात. फळी बाहेर पडते ते मागचं टेबल पात्यांच्या पातळीत, आत जाते ते पुढचं कापाएवढं खाली. रोलरचा दाब नसल्याने उंचवटेच आधी छाटले जातात आणि एक खरं सपाट तोंड मिळतं. ते खाली टेकवल्यावरच थिकनेसरचं काम सुरू होतं. रुंदीत पन्हळीसारखी खोलगट झालेली जाड फळी मात्र खोलगट बाजू खाली ठेवून, हलके काप घेत काढली तर दोन कडांवर टेकून बरी निघते. एवढं त्या सल्ल्यात तथ्य आहे.

"पीळही जातो, पास (मशीनमधून फेऱ्या) जास्त लागतात." 25 मिमीची फळी घ्या. तीन कोपरे टेकवले की चौथा 6 मिमी उचलतो, एवढा पीळ. ती तशीच तीन कोपऱ्यांवर धरून दोन्ही तोंडं सपाट केली तर 19 मिमी उरते. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली 3-3 मिमीच्या पाचरा देऊन पीळ वाटून घेतला तर 22 उरते. नुसत्या पासांनी जाडी जाते, पीळ राहतो.

"कडही उभी धरून काढा." अरुंद कडेवर फळी कलते, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा.

"सरफेस प्लेनरवर बोटं जातात." ही भीती खरी आहे. गार्ड (पात्यांवरचं झाकण) न काढता, पुश ब्लॉक (फळी ढकलायचा मुठीचा ठोकळा) वापरून काम करा. फूटभरापेक्षा आखूड तुकडा त्यावर घालूच नका.

"आठवड्याने वाकली, म्हणजे मशीन खराब." बहुतेकदा लाकूड ओलं असतं, किंवा सगळा काप एकाच बाजूने घेतलेला असतो. दोन्ही बाजूंनी सारखं काढा, शेवटचे एक-दोन मिमी राखून फळी काही दिवस हवेशीर ठेवा.

आणि थिकनेसरच असेल, तर फळीपेक्षा लांब, सपाट प्लायवूडचा पाट करा. फळी जिथे डुलते तिथे पाचरा देऊन गरम गोंदाने पक्क्या करा, पुढे एक पट्टी ठोका म्हणजे फळी घसरणार नाही. पाटासकट मशीनमधून काढा. वरचं तोंड पूर्ण सपाट झालं की पाट बाजूला करा आणि फळी उलटी घाला.