कागदी मणी: तडे, चिकटपणा आणि घाम

रंगवलेल्या कागदाच्या त्रिकोणी पट्ट्या गुंडाळून मणी करायची कृती मी लिहिली होती. ती करून पाहिल्यावर तुमच्या तीन तक्रारी: गुंडाळताना रंग तडकला, आठवडा झाला तरी मणी एकमेकांना चिकटतात, आणि घामाने ते टोकांशी फुगले. म्हणून रंगवलेल्या कागदाचे दागिने फोटोपुरतेच, असं तुमचं म्हणणं. ते मला पटत नाही. तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि पहिलीत चूक माझीच: ‘अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या’ एवढंच लिहिलं, कुठे द्यायचे ते लिहिलं नाही.

त्रिकोणी पट्टी रुंद बाजूकडून गुंडाळली की प्रत्येक वेढा आधीच्याला झाकत जातो. ३० सेंमी लांब आणि बुडाशी २ सेंमी रुंद पट्टीत दर वेढ्याला दोन्ही कडांना जेमतेम अर्धा मिलिमीटर उघडा राहतो. मण्यावर दिसतात त्या या कडा आणि शेवटचं निमुळतं टोक. मधला रंग आत गाडला जातो, पट्टी ताठ करतो आणि वळताना तडकतो. तेव्हा आधी पट्ट्या कापा, मग कडेचे २ मिमी आणि टोकाकडचे ५ सेंमी तेवढे पातळ रंगाने रंगवा. कापलेली धारही रंगवा, नाहीतर मण्यावर पांढऱ्या रेघा उमटतात.

कागद ८० ते १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुरे. त्याचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा; तो ज्या अक्षाभोवती वळतो, त्या दिशेने तंतू असतात. पट्टीची लांबी त्या दिशेला काटकोनात हवी. उलट कापली तर पट्टी वळायला कुरकुरते, आणि दोष रंगाला जातो.

चिकटपणाचं कारण घाई. ओलसर रंगावर जाड वॉर्निश दिलं की वर साय धरते आणि पाणी खाली अडकतं. रंग दिवसभर वाळू द्या, मग वॉर्निशचे तीन पातळ हात, मधे दोन-तीन तास. नंतर आठवडाभर मणी सुटे टांगा. दमट हवेत आणखी. अ‍ॅक्रिलिक वाळूनही किंचित मऊ राहतं, म्हणून ओवताना दोन कागदी मण्यांमध्ये एक बारीक काचेचा मणी घालाच.

घाम पृष्ठभागातून नाही, भोकातून शिरतो. बहुतेक जण मणी बाहेरून चकचकीत करतात आणि भोक कोरडंच सोडतात. गोंद पट्टीच्या पूर्ण लांबीला लावा. वॉर्निशात बुडवलेली टूथपिक भोकात फिरवा, दोन्ही तोंडांवर थेंब टेका, ते वाळण्याआधी टूथपिक काढा. सुती दोरा घाम शोषून थेट आत पोचवतो, नायलॉनचा वापरा.

आंघोळीला, पोहायला हे दागिने नकोत, इथे तुमचंच बरोबर. अत्तराच्या फवाऱ्यातलं अल्कोहोल अ‍ॅक्रिलिक मऊ करतं, तेव्हा अत्तर आधी वाळू द्या, मग दागिने घाला.

पुन्हा करणार असाल तर माळ ओवण्याआधी एक मणी ओल्या कापसावर अर्धा तास उभा ठेवा. तोंडाशी वेढे सुटले, तर सगळ्या मण्यांच्या भोकांना आणखी एक हात द्या.